'आम्हाला माहीत नव्हतं' हे घरमालकाचं उत्तर कुठवर चालतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जर्सी सिटीत १९२० च्या दशकातलं दोन कुटुंबांचं लाकडी घर. वरचा मजला दीड वर्षापूर्वी भाड्याने घेतला. मुलगी आता चौदा महिन्यांची. बाराव्या महिन्याच्या तपासणीत बोटाला टोचून घेतलेल्या रक्तात शिसं जास्त दिसलं, म्हणून शिरेतून रक्त घेऊन खात्री केली. आकडा आला ७ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर. हॉलच्या खिडक्यांच्या रंगाचे पोपडे पडतात. घरमालक ओळखीचे, मराठी मंडळातलेच, राहतात दुसऱ्या गावात. त्यांचं म्हणणं: "लीजच्या वेळी शिशाच्या फॉर्मवर तुम्ही सही केलीत. आम्हालाही काही माहीत नव्हतं. खिडक्यांना एक हात रंग मारून देतो." कायद्याने त्यांची जबाबदारी येते का?

येते. 'माहीत नव्हतं' हे उत्तर फेडरल कायद्यापुढे बऱ्यापैकी टिकतं, पण न्यू जर्सीच्या कायद्यापुढे टिकत नाही. तुमच्या प्रकरणात सगळा खेळ या फरकाचा आहे. मी न्यू जर्सीत वीसेक वर्षं घरमालक-भाडेकरूंचे खटले चालवते. सुरुवातीची काही वर्षं घरमालकांच्या बाजूने उभी राहत असे, त्यामुळे पलीकडचा वकील काय म्हणणार आहे हेही सांगू शकते.

कायद्याआधी एक काम मात्र आजच करा. तो 'एक हात रंग' थांबवा. तुमच्या हॉलच्या खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या लाकडी असणार. खालचं तावदान वर करा आणि चौकटीच्या तळाशी जी पन्हळीसारखी खाच असते, तिच्यात बघा. पांढरट पीठ साचलेलं दिसेल, त्यात मेलेल्या माश्या आणि रंगाच्या बारीक खपल्या. खिडकी उघड-बंद करताना लाकडावर लाकूड घासतं आणि शंभर वर्षांच्या रंगाच्या थरांची भुकटी होते. मुलं भिंत चाटतात म्हणून शिसं पोटात जातं असा समज आहे. तसंही होतं, पण जास्त करून ही धूळ जमिनीवर उतरते, रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते आणि हात तोंडात जातो. घासणाऱ्या भागावर नवा रंग दिला तर तो महिन्या-दोन महिन्यांत निघून येतो. रंग देण्याआधी कोणी तिथे सँडिंग मशीन फिरवलं, तर घरभर विष पसरतं. माझ्या एका प्रकरणात घरमालकाने अगदी सद्भावनेने भाच्याला बोलावून शनिवार-रविवारात सगळ्या खिडक्या घासून घेतल्या. पुढच्या तपासणीत मुलाचा आकडा खाली येण्याऐवजी वर गेला होता.

असं काम कोणीही उठून करू शकत नाही. १९७८ आधीच्या घरात (त्या वर्षी घरांत शिशाच्या रंगावर फेडरल बंदी आली) एका खोलीत सहा चौरस फुटांपेक्षा जास्त रंगीत पृष्ठभाग खरवडला जाणार असेल, किंवा खिडकी बदलायची असेल, तर ई.पी.ए.चं, म्हणजे फेडरल पर्यावरण संस्थेचं, प्रमाणपत्र असलेलाच कंत्राटदार लागतो. हा नियम एप्रिल २०१० पासून लागू आहे. घर भाड्याने दिलेलं असेल तर स्वतः ब्रश घेऊन आलेल्या मालकालाही तो लागू होतो, कारण भाडं हा मोबदला धरतात. तोवर पाळणा खिडकीपासून दूर न्या, खालचं तावदान बंदच ठेवा, जमीन आणि खिडकीची पट्टी ओल्या कागदाने पुसून तो कागद लगेच फेकून द्या. झाडू मारू नका. साधा व्हॅक्युमही नको, त्याच्या मागच्या बाजूने बारीक धूळ परत हवेत येते.

आता त्या फॉर्मकडे येऊ. १९९२ च्या फेडरल कायद्याने, ज्याला आम्ही 'टायटल टेन' म्हणतो, १९७८ आधीचं घर भाड्याने देणाऱ्यावर काही बंधनं घातली. ई.पी.ए.ची माहितीपुस्तिका द्यायची, लीजमध्ये शिशाबद्दलची ठरावीक ताकीद घालायची, घरातल्या शिशाच्या रंगाबद्दल जे माहीत असेल ते सांगायचं, जे तपासणी अहवाल हाती असतील ते दाखवायचे, आणि सह्या घेऊन तो कागद तीन वर्षं जपून ठेवायचा. शंभर दिवस किंवा त्याहून कमी मुदतीचं भाडं आणि आणखी काही अपवाद सोडले तर हे सगळ्यांना लागू आहे. पण या कायद्यातली गोम लक्षात घ्या. तो मालकाला तपासणी करायला सांगत नाही, रंग काढायलाही सांगत नाही. फक्त माहीत असेल ते सांगा, एवढंच. म्हणजे ज्याने कधी तपासलंच नाही, तो 'माहिती नाही' आणि 'अहवाल नाहीत' या दोन चौकोनांत खूण करून मोकळा. घरमालकांच्या बाजूने काम करायचे तेव्हा कित्येक मालकांनी मला विचारलं आहे, "मॅडम, तपासलंच नाही तर बरं ना?" फेडरल कायद्यापुरतं उत्तर 'हो' असं होतं. तेव्हाही ते उत्तर द्यायला मला बरं वाटत नसे.

तुमच्या सहीचा अर्थ मात्र घरमालक सांगतात तो नाही. फॉर्म काढून परत वाचा. तुमची आद्याक्षरं आहेत ती 'पुस्तिका मिळाली' आणि 'वर लिहिलेली माहिती मिळाली' या ओळींसमोर. मी धोका पत्करला, मी हक्क सोडला, असं त्यात कुठेही नाही. ती पोच आहे. आणि मालकाने खोटी खूण केली असेल, म्हणजे आधीचा अहवाल किंवा आधीच्या भाडेकरूच्या मुलाबद्दल आलेली नोटीस हाती असूनही 'माहिती नाही' लिहिलं असेल, तर भाडेकरूला झालेल्या नुकसानीच्या तिप्पट भरपाईची तरतूद याच कायद्यात आहे. इथे एक बारकावा आहे. हा हक्क भाडेकरूचा, म्हणजे लीजवर ज्याचं नाव आहे त्याचा. लहान मुलाला या कलमाखाली स्वतःच्या नावाने दावा करता येत नाही, असं बॉस्टनच्या फेडरल अपील कोर्टाने २००५ मध्ये ठरवलं. त्यामुळे मुलीच्या शरीराला झालेल्या इजेची भरपाई राज्याच्या कायद्याने मागायची.

न्यू जर्सीचा कायदा २०२१ च्या जुलैत झाला आणि २२ जुलै २०२२ पासून लागू आहे. १९७८ आधीच्या भाड्याच्या घराची शिशासाठी तपासणी २२ जुलै २०२४ च्या आत किंवा भाडेकरू बदलताना, यातलं जे आधी येईल तेव्हा झालीच पाहिजे. त्यानंतर दर तीन वर्षांनी, किंवा भाडेकरू बदलेल तेव्हा प्रमाणपत्राची मुदत संपलेली असेल तर पुन्हा. धोका आढळला नाही तर 'लेड-सेफ' प्रमाणपत्र मिळतं, ते दोन वर्षं चालतं, आणि त्याची प्रत नव्या भाडेकरूच्या लीजला जोडावी लागते. म्हणजे तुमच्या लीजला ते जोडलेलं असायला हवं होतं. उद्या सकाळी घरमालकांना एका ओळीचा ईमेल पाठवा: आमच्या मजल्याचं लेड-सेफ प्रमाणपत्र पाठवा. नसेल, तर 'माहीत नव्हतं' या वाक्याचा अर्थच बदलतो. ज्या गोष्टीची माहिती करून घेणं कायद्याने त्यांच्यावर टाकलं होतं, ती त्यांनी करून घेतली नाही, असा तो होतो.

ही तपासणी दोन तऱ्हेची असते आणि तो फरक माहीत असणं तुमच्या फायद्याचं आहे. ज्या गावांत तपासलेल्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी ३ टक्के किंवा अधिक मुलांच्या रक्तात शिसं ५ किंवा त्याहून जास्त आढळलं, तिथे धुळीचे नमुने घ्यावे लागतात. बाकी गावांत नुसती नजर फिरवली तरी चालते: रंग सोललाय का, भेगा पडल्यात का. मला नजरेच्या तपासणीचं फार कौतुक नाही. आदल्या दिवशी रंगवलेली खिडकी तिच्यात सहज पास होते. धुळीचा नमुना तसा फसत नाही. तपासनीस जमिनीवर एक चौरस फुटाची चौकट ठेवतो, ओला रुमाल नागमोडी फिरवून सगळा चौकोन पुसतो, घडी घालून दुसऱ्या दिशेने पुन्हा पुसतो आणि नळीत घालून प्रयोगशाळेत पाठवतो. तपासनीस एक्सआरएफ यंत्र घेऊन आला तर आणखी चांगलं. ते पिस्तुलासारखं यंत्र रंगाला टेकवलं की काही सेकंदांत वरचे दहा थर न खरवडता आतलं शिसं सांगतं. एका चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम किंवा जास्त, म्हणजे कायद्याच्या भाषेत शिशाचा रंग.

तपासणी टाळली किंवा धोका सापडूनही काही केलं नाही, तर मालकाला तीस दिवसांची मुदत देतात आणि मग आठवड्याला १,००० डॉलरपर्यंत दंड. दोन-तीन बिऱ्हाडांच्या घरात एका बिऱ्हाडात धोका सापडला तर बाकीचीही तपासावी लागतात. म्हणजे तुमच्या तक्रारीने खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाचीही तपासणी होईल. त्यांच्याकडे लहान मूल असेल तर त्यांना आजच सांगा, कागदपत्रांची वाट बघू नका.

हे झालं नव्या कायद्याचं. पण न्यू जर्सीत घरमालकावरची जबाबदारी २०२१ मध्ये जन्मली असं समजू नका. घरात शिशाचा रंग वापरायला या राज्याने १९७१ मध्येच मनाई केली, फेडरल बंदीच्या सात वर्षं आधी. राहणाऱ्यांना धोका होईल असा शिशाचा रंग घरात असणं हा सार्वजनिक उपद्रव आहे आणि तो दूर करणं मालकाचं काम आहे, असं तोच कायदा सांगतो. पुढे अनेक नगरपालिकांनी रंग बनवणाऱ्या कंपन्यांवर खटले भरले. २००७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. त्याचं एक मोठं कारण हेच होतं की विधिमंडळाने बोट कंपन्यांकडे नाही, घराच्या मालकाकडे दाखवलं आहे. कंपन्या सुटल्या हे मला आवडलं नव्हतं, पण त्या निकालाने मालकाची बाजू आणखी अरुंद झाली, हेही खरं.

मुलीचा ७ हा आकडा आला म्हणजे आरोग्य खात्याचं चक्र एव्हाना सुरू झालं असेल. सी.डी.सी.ने, म्हणजे फेडरल रोग नियंत्रण संस्थेने, २०२१ मध्ये संदर्भमूल्य ५ वरून ३.५ वर आणलं. हा आकडा ओलांडला म्हणजे मूल लगेच आजारी पडणार असं नव्हे. बहुतेक मुलांपेक्षा हिच्या रक्तात शिसं जास्त आहे, उगम शोधा, इतकाच त्याचा अर्थ. शिसं बाहेर काढायची औषधं साधारण ४५ च्या पुढे विचारात घेतात. तुमच्या मुलीसाठी उपचार म्हणजे उगम बंद करणं आणि पुन्हा तपासणी. प्रयोगशाळा निकाल राज्याकडे पाठवते, आणि स्थानिक आरोग्य खात्याकडून नर्सचा फोन येतो, मग घर तपासायला माणूस. त्याने धोका नोंदवून मालकाला लेखी आदेश दिला की त्या कागदाला कोर्टात फार वजन असतं. फोन आला नसेल तर डॉक्टरांच्या ऑफिसला विचारून तुम्हीच खात्याला फोन करा.

तो माणूस तुमच्या स्वयंपाकघरातही डोकावेल आणि देवघरातही. वाईट वाटून घेऊ नका. भारतातून पिशवीत भरून आणलेली सुटी हळद, सिंदूर, काजळ, बाळगुटी, भस्माची औषधं, पितळी आणि कल्हईची भांडी, सगळं तो विचारेल. यात तथ्य आहे. रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये न्यू जर्सीतल्या दुकानांतून घेतलेल्या सिंदूराच्या नमुन्यांत शिसं आढळल्याचं प्रसिद्ध केलं होतं, आणि न्यू यॉर्क शहराच्या आरोग्य खात्यालाही बाहेरदेशातून आणलेल्या मसाल्यांत ते सापडलेलं आहे. घरमालकाच्या वकिलाचा पहिला प्रश्न हाच असतो, मीही विचारत असे: "तुमच्या मुलीच्या रक्तातलं शिसं हळदीतलं नाही कशावरून?" म्हणून लपवू नका, उलट स्वतःहून ते नमुने तपासायला द्या. ते स्वच्छ निघाले तर हा मुद्दा संपतो. नाही निघाले तर तुम्हाला ते खटल्यापेक्षाही आधी कळायला हवं.

सूड उगवला जाईल, घर सोडायला सांगतील, ही भीती जवळपास प्रत्येक भाडेकरू बोलून दाखवतो. तक्रार केली म्हणून घराबाहेर काढणं न्यू जर्सीत बेकायदा आहे, आणि ठोस कारण दाखवल्याशिवाय घर रिकामं करून घेता येत नाही हा १९७४ चा कायदाही तुमच्या मागे आहे. मात्र मालक स्वतः त्याच घरात राहत असेल आणि भाड्याची बिऱ्हाडं दोन किंवा कमी असतील तर या दोन्ही कायद्यांचं संरक्षण मिळत नाही. तुमचे मालक दुसऱ्या गावात राहतात, हे या बाबतीत तुमचं नशीब. 'लहान मूल आहे, तुम्ही दुसरं घर बघा' असं ते म्हणाले तर तो मूल असलेल्या कुटुंबाविरुद्धचा भेदभाव ठरू शकतो. तशा आशयाचा मेसेज आला तर पुसू नका.

भाडं देणं मात्र परस्पर थांबवू नका. १९७० आणि १९७३ च्या निकालांनी इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूला दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता करण्याचा आणि राहण्याजोगं नसलेल्या घराचं भाडं कमी करून मागण्याचा हक्क दिला आहे. पण कोर्टात उभं राहिल्यावर न्यायाधीश अडवून ठेवलेली रक्कम भरायला सांगतात, आणि ती खर्च झालेली असेल तर बरोबर असूनही हरता. शिवाय घाई कशाची? मुलीच्या इजेच्या दाव्याची दोन वर्षांची मुदत ती अठरा वर्षांची झाल्यावर मोजायला लागते. पुरावा मात्र थांबत नाही. नव्या खिडक्या बसल्या की जुन्या कचऱ्यात जातात. त्याआधी फोटो काढा आणि अहवालाची प्रत घ्या.

नदीपलीकडे राहणाऱ्यांनी हे जसंच्या तसं उचलू नये. न्यू यॉर्क शहरात २००४ चा स्थानिक कायदा आहे: १९६० आधी बांधलेल्या भाड्याच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर रंगात शिसं आहे असंच गृहीत धरतात. मालकाने दर जानेवारीत मुलाबद्दल विचारणा करायची आणि घर येऊन बघायचं. आजीकडे आठवड्याला दहा तास राहणारं मूलही आता यात येतं. तिथल्या राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २००१ मध्ये कोणी कळवलं नसलं तरी मालकाला माहिती होती असं कधी मानायचं, याची पाच लक्षणं दिली: त्याला घरात यायचा हक्क होता आणि दुरुस्तीची जबाबदारी त्याची होती, घर बंदीच्या आधीचं आहे हे ठाऊक होतं, रंग सोलतोय हे ठाऊक होतं, शिसं मुलांना घातक हे ठाऊक होतं आणि घरात मूल आहे हेही ठाऊक होतं. तुमच्या मालकांना ही पाच लावून बघा. हा न्यू यॉर्कचा निकाल न्यू जर्सीत बंधनकारक नाही, पण निष्काळजीपणा कसा सिद्ध करायचा याचा इतका चांगला आराखडा मला दुसरा मिळालेला नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये तर एवढंही लागत नाही. सहा वर्षांखालचं मूल राहतं म्हटलं की धोका काढणं मालकाला भागच आहे, आणि मुलाला बाधा झाली तर माहीत होतं की नव्हतं हा प्रश्नच येत नाही.

हे वाचणाऱ्यांत घरमालकही असतील. एडिसनला स्वतः राहून जर्सी सिटीत किंवा पॅसेइकला जुनं दोन बिऱ्हाडांचं घर भाड्याने देणारे आपल्यात कमी नाहीत. ई.पी.ए.च्या अंदाजाने १९४० आधीच्या घरांपैकी ८७ टक्के घरांत कुठे ना कुठे शिशाचा रंग आहे. तेव्हा तपासणीला घाबरून उपयोग नाही. सगळं घर खरवडायचीही गरज नसते. बहुतेक वेळा खिडक्या बदलणं, दारांच्या कडा आणि जिन्याच्या पायऱ्या नीट करणं, आणि नंतर धुळीची तपासणी, एवढ्यात प्रमाणपत्र मिळतं. शेवटच्या धूळ-तपासणीचा अहवाल मात्र हाती घेतल्याशिवाय कंत्राटदाराचं बिल चुकतं करू नका.

तुमच्याकडे परत येते. मालक मंडळातले असल्यामुळे तुम्ही आजवर सगळं फोनवर बोललात असं वाटतंय. व्हॉट्सॅपवर काही गेलं असेल, "काका, खिडकीचे पोपडे पडतायत, बघता का" इतकंच जरी असलं, तरी ते तारखेसकट जपा. मराठीत आहे म्हणून पुरावा कमी होत नाही, भाषांतर करून घेता येतं. आता एक साधं पत्र लिहा. मुलीचा जन्म कधीचा, रक्ताचा निकाल कोणत्या तारखेचा, कोणत्या खिडक्या सोलल्या आहेत, प्रमाणपत्राची मागणी, आणि काम प्रमाणपत्र असलेल्या कंत्राटदाराकडूनच व्हावं ही विनंती. आरोप नकोत, विशेषणं नकोत. सर्टिफाइड मेलने पाठवा, पोच मागवा, आणि तेच ईमेलनेही. पाठवायच्या आदल्या संध्याकाळी त्यांना फोन करून सांगा की पत्र येतंय आणि का येतंय. न सांगता पोचपावतीच्या हिरव्या कार्डावर सही करायला लागली की चांगली माणसंही वकिलाकडे धावतात, आणि मग खिडक्यांचं काम महिनाभर लांबतं.